फायनान्स मॅनेजरचा पगार आणि ‘सीटीसी’चा गुंता

नेमणूकपत्रावर वर्षाला २४ लाख, आणि बँकेच्या खात्यात महिन्याला एक लाख ३१ हजार. दोन्ही आकडे एकाच नोकरीचे, एकाच माणसाचे, आणि दोन्ही खरे. फायनान्स मॅनेजरला पगार किती, या साध्या प्रश्नाचे सरळ उत्तर मिळत नाही ते यामुळे. दुसऱ्यांचे हिशेब चोख ठेवणाऱ्या माणसालाही स्वतःच्या पॅकेजचा हिशेब लावताना कागद-पेन्सिल घ्यावी लागते. ‘सीटीसी’चा, म्हणजे एका माणसावर कंपनीला येणाऱ्या एकूण खर्चाच्या आकड्याचा, हा गुंता कसा तयार झाला, हे पाहायचे तर कंपनी कायदा आणि आयकर कायदा यांचा इतिहास चाळावा लागतो. कौशल्याला बाजार भाव देतो, हे खरेच. पण या पदापुरते बोलायचे तर पगाराच्या मोठ्या उड्या कायद्याने घडवल्या आणि पगारपत्रकातील रकाने आयकराने पाडले.

पेढीवर किर्द-खतावणी लिहिणाऱ्या दिवाणजींचा काळ इथे बाजूला ठेवू. १९१८ साली मुंबई सरकारने लेखाकर्मातील शासकीय पदविका, म्हणजे जीडीए, सुरू केली आणि १ जुलै १९४९ पासून सीएचा कायदा लागू झाला. तरीही कंपनीतील लेखापालाचे स्थान दुय्यमच राहिले. पैसा कुठून उभा करायचा, कुठे गुंतवायचा हे मॅनेजिंग एजन्सी, म्हणजे कराराने कंपनीचा कारभार चालवणारी बाहेरची पेढी, ठरवी. चीफ अकाउंटंटने ते वहीत नोंदवायचे. ही एजन्सी पद्धत ३ एप्रिल १९७० पासून बंद झाली आणि ‘फायनान्स’ हे वेगळे खाते बहुतेक कारखान्यांत त्यानंतर मूळ धरू लागले.

वेळ मात्र वाईट होती. १९५६च्या कंपनी कायद्याने व्यवस्थापकीय मोबदल्याला निव्वळ नफ्याच्या ११ टक्क्यांची मर्यादा घातलीच होती. तिच्यावर सरकारी मंजुरी आणि रुपयांतील कमाल रकमा आल्या. हे निर्बंध संचालकांसाठी होते, पण साहेबाच्या पगाराला छत असेल तर हाताखालच्याचा पगार त्या छताच्या खालीच राहणार. त्यात १९७३-७४ मध्ये आयकराचा सर्वोच्च दर अधिभारासह ९७.७५ टक्क्यांवर गेला. वरच्या टप्प्यातील माणसाला शंभर रुपये वाढवून दिले तर त्याच्या हाती सव्वादोन रुपये पडणार. मग कोण कशाला रोख पगार वाढवील? कंपन्यांनी वस्तुरूपाने द्यायला सुरुवात केली: मुंबईत कंपनीची जागा, गाडी, ड्रायव्हर, क्लबचे सभासदत्व, वर्षाकाठी प्रवासखर्च. दक्षिण मुंबईतील फ्लॅट हाच त्या पिढीचा खरा पगार होता. कागदावरच्या आकड्यावरून त्या काळचे उत्पन्न मोजू नये, कारण त्यातला मोठा भाग कागदावर नव्हताच.

कामही आजच्यासारखे नव्हते. कंपनीने नवा शेअर काय भावाने विकायचा हे सरकारचा नियंत्रक ठरवी. परकीय चलन परवान्याने मिळे. फायनान्स मॅनेजरचा दिवस बँकेची कॅश क्रेडिट लिमिट, म्हणजे खेळत्या भांडवलाच्या कर्जाची मर्यादा, वाढवून घेण्यात आणि मालसाठ्याची स्टॉक स्टेटमेंट भरण्यात जाई. मे १९९२ मध्ये भांडवली इश्यूंवरील, म्हणजे नव्या शेअरविक्रीवरील, नियंत्रण गेले, १९९३ मध्ये रुपयाचा दर बाजारावर सोडला गेला आणि या खुर्चीचे काम वर्ष-दोन वर्षांत बदलले. इश्यूचा भाव ठरवायचा, परदेशातून भांडवल आणायचे, डॉलरच्या चढउतारापासून बचाव करणारे हेजिंग करायचे, व्याजाचा अंदाज बांधायचा. एक निर्णय चुकला तर कंपनीचा वर्षाचा नफा जाई. ‘अकाउंट्स मॅनेजर’ आणि ‘फायनान्स मॅनेजर’ यांच्या पगारात जे अंतर पडले ते याच काळात, आणि ते पुन्हा भरून निघाले नाही. आजही लहान कंपन्या अकाउंट्सच्या माणसाला फायनान्स मॅनेजरचे व्हिजिटिंग कार्ड देतात. काम मात्र व्हाउचर, टीडीएस आणि जीएसटी रिटर्नचेच असते. पदनामावरून पगाराची तुलना फसते ती इथे.

१९९७च्या अर्थसंकल्पात आयकराचा सर्वोच्च दर ३० टक्क्यांवर आला आणि रोख पगाराला अर्थ आला. त्याच सुमारास आयटी आणि बहुराष्ट्रीय कंपन्यांनी एक शब्द रूढ केला: कॉस्ट टू कंपनी, अर्थात सीटीसी.

या शब्दावर थोडे थांबतो, कारण पुढची सगळी गफलत त्याने केली आहे. मुळात ती कंपनीच्या बजेटची संज्ञा. एक माणूस ठेवला तर वर्षाला खर्च किती, हे व्यवस्थापनाला कळावे म्हणून मांडलेली बेरीज. त्यात गैर काही नाही. गैर झाले ते ही बेरीज नेमणूकपत्रात ‘तुमचा पगार’ म्हणून छापली गेली तेव्हा.

मघाचे २४ लाखांचे पत्रच उदाहरण म्हणून उलगडून पाहू. महिन्याला दोन लाख. त्यात बेसिक ८०,०००. घरभाडे भत्ता ४०,०००. स्पेशल अलाउन्स ३४,८८५. कंपनीच्या वाट्याचा पीएफ ९,६००. ग्रॅच्युइटी ३,८४८. आरोग्यविम्याचा हप्ता १,६६७. आणि कामगिरीवर अवलंबून असलेला व्हेरिएबल पे ३०,०००, जो वर्षअखेरीस मिळेल, मिळाला तर. म्हणजे दरमहा प्रत्यक्ष देय रक्कम उरली १,५४,८८५. तिच्यातून कर्मचाऱ्याच्या वाट्याचा पीएफ ९,६००, व्यवसायकर २०० आणि २०२५-२६च्या नव्या करप्रणालीने आयकर सुमारे १३,५८३ वजा करा. खात्यात येतात १,३१,५०२. पुण्यात पगारपत्रके करण्याच्या कामात मी काही वर्षे काढली. नव्याने लागलेल्या माणसाची पहिली पगाराची तारीख मला अजून आठवते. तो स्लिप घेऊन टेबलाशी उभा राही आणि विचारी, “बाकीचे कुठे गेले?” विचारणारे अनेकदा सीए असत. त्यांना रकाने कळत होते. त्यांना वाटत असे की कुणी तरी आधी सांगायला हवे होते, आणि ते बरोबरच होते.

या रकान्यांत सर्वांत वादाचा आहे तो ग्रॅच्युइटीचा. १९७२च्या कायद्याने ग्रॅच्युइटी ही सलग पाच वर्षांच्या सेवेनंतर मिळणारी रक्कम, वर्षाला पंधरा दिवसांचे वेतन, महिना २६ दिवसांचा धरून. तिचे प्रमाण बेसिकच्या ४.८१ टक्के पडते, म्हणून पत्रात तो आकडा येतो. फायनान्समधली माणसे दोन-तीन वर्षांनी नोकरी बदलतात, हे कंपनीला आणि उमेदवाराला दोघांनाही माहीत असते. आपल्या उदाहरणातील माणूस चार वर्षांनी गेला तर पत्रात दाखवलेले १,८४,७०४ रुपये त्याला कधीच मिळत नाहीत. ते त्याच्या ‘पगारात’ मात्र मोजलेले असतात. कंपन्यांची बाजू अशी की ताळेबंदात या देण्याची तरतूद दरवर्षी करावी लागते, खर्च खरा आहे, आणि माणूस टिकला तर शेवटच्या वेतनावर हिशेब होऊन त्याला जमेपेक्षा अधिक मिळते. हे खरे आहे. पण तरतूद कंपनीच्या पुस्तकात असते, माणसाच्या खिशात नाही. जे मिळण्याची खात्री नाही ते पगार म्हणून सांगू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. व्हेरिएबललाही हेच लागू.

शिवाय रकान्यांची ही रचना ज्या आयकरासाठी झाली तो आयकर आता तसा राहिलेला नाही. घरभाडे भत्ता, एलटीए म्हणजे रजेतील प्रवासाचा भत्ता, वैद्यकीय खर्च, जेवणाची कुपन्स हे सगळे करसवलतीपोटी जन्मले. २००५ साली फ्रिंज बेनिफिट टॅक्स आला तेव्हा सुविधांवरचा कर कंपनीच्या डोक्यावर बसला, आणि काही ठिकाणी तोही गुपचूप सीटीसीत शिरला. २००९ मध्ये तो कर रद्द झाला. २०२३-२४ पासून नवी करप्रणाली मूळ पर्याय झाली आणि तिच्यात घरभाडे भत्त्याला सूट नाही. तरी पत्रातला रकाना तसाच आहे.

सीटीसी बाजूला ठेवली तर वरच्या पातळीवरची पगारवाढ समजायला एक गोष्ट पुरते: सही. अमेरिकेतील घोटाळ्यांनंतर तिथे २००२ मध्ये कायदा झाला आणि त्याचे पडसाद इथे उमटले. सूचिबद्ध, म्हणजे शेअर बाजारात नोंदलेल्या, कंपन्या बाजाराशी जो करार करत त्यातील कलम ४९ मध्ये २००४ साली दुरुस्ती झाली. ती २००५च्या अखेरीपासून लागू झाली आणि वित्तविवरणे खरी आहेत असे वित्तप्रमुखाने प्रमाणित करणे बंधनकारक झाले. २०१३च्या कंपनी कायद्याने आणखी पुढची पायरी गाठली. १ एप्रिल २०१४ पासून प्रत्येक सूचिबद्ध कंपनीत आणि दहा कोटी किंवा त्याहून अधिक भरणा भांडवल असलेल्या सार्वजनिक कंपनीत सीएफओ, म्हणजे मुख्य वित्त अधिकारी, नेमणे सक्तीचे झाले. त्याच कायद्यात फसवणुकीला दहा वर्षांपर्यंत तुरुंगवास आहे, आणि कसूरदार अधिकाऱ्याच्या व्याख्येत सीएफओ येतो. एका बाजूला हजारो कंपन्यांना एकदम हे पद भरावे लागले, दुसऱ्या बाजूला त्या सहीचा धोका वाढला. भाव चढणारच. २०२३ मध्ये सूचिबद्ध कंपन्यांना रिकामी खुर्ची भरायला कायद्यातील सहा महिन्यांऐवजी तीनच महिने उरले, तेव्हा नोटीस पीरियडचे पैसे भरून आणि जॉइनिंग बोनस देऊन माणूस उचलण्याला आणखी जोर मिळाला.

या पगारांचा माग काढायला सरकारी उंबरठे उपयोगी पडतात. ठरावीक रकमेहून अधिक पगार घेणाऱ्या कर्मचाऱ्यांची यादी संचालकांच्या अहवालासोबत द्यावी लागते. २००२ मध्ये ही रक्कम वर्षाला २४ लाख होती, २०११ मध्ये ६० लाख झाली, २०१६ मध्ये एक कोटी दोन लाख. यादी फार लांबू लागली की उंबरठा वर जातो. जो पगार दोन दशकांपूर्वी भागधारकांपुढे नावानिशी ठेवावा असा वाटत होता, तो आज मधल्या फळीतील फायनान्स मॅनेजरच्या पत्रावर दिसू शकतो. अर्थात रुपयाची किंमतही मधल्या काळात घसरली आहे.

बड्या सीएफओंच्या पगाराच्या बातम्या वाचताना ईसॉप, म्हणजे ठरलेल्या भावाने कंपनीचे शेअर घेण्याचा कर्मचाऱ्याचा हक्क, वेगळे काढावेत. पाच-सहा वर्षांत जमलेले शेअर एका वर्षी घेतले की त्यावरचा सगळा लाभ त्या वर्षीचा पगार म्हणून दिसतो, आणि पुढच्या वर्षी तोच आकडा निम्म्याने घसरतो. खासगी बँकांत नियम आणखी कडक आहेत. १ एप्रिल २०२० पासून पूर्णवेळ संचालक आणि मोठी जोखीम घेणारे अधिकारी यांच्या मोबदल्यात किमान निम्मा भाग व्हेरिएबल ठेवावा लागतो, त्यातला मोठा वाटा पुढच्या वर्षांवर ढकलला जातो आणि चूक उघडकीला आली तर परतही घेता येतो. सार्वजनिक उपक्रमांत चित्र उलट, सगळे छापील. २०१७च्या वेतनसुधारणेनुसार ‘अ’ अनुसूचीतील, म्हणजे सर्वांत वरच्या वर्गातील, उपक्रमाच्या वित्त संचालकाची मूळ वेतनश्रेणी १,८०,००० ते ३,४०,००० आहे. भत्ते मूळ वेतनाच्या ३५ टक्क्यांच्या आत, कामगिरीवरचे वेतन वेगळे. खासगी क्षेत्राशी तुलना केली तर रक्कम कमी दिसते, पण तिच्यात लपवाछपवी नाही.

बाकी घटक सर्वांना ठाऊक आहेत: सीए की एमबीए, मुंबई की नाशिक, कंपनीची उलाढाल, शेअर बाजारात नोंदणी आहे की व्हायची आहे. अलीकडचे दोन मात्र नोंदवायला हवेत. २०१६ पासून मोठ्या कंपन्यांना लागू झालेली नवी लेखामानके आणि १ जुलै २०१७ चा जीएसटी यांनी जाणकार माणसांची टंचाई केली. आणि पुणे, बंगळूर, हैदराबाद इथे परदेशी कंपन्यांची वित्तकेंद्रे आली. त्यांच्याशी स्पर्धा करताना चाकण-भोसरीच्या मध्यम कारखान्याची दमछाक होते. तीन वर्षे शिकवून तयार केलेला माणूस हिंजवडीला जातो.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि सीटीसीचा प्रश्न पुन्हा वर आला. वेतनाच्या नव्या व्याख्येनुसार घरभाडे भत्त्यासारखे वगळायचे घटक एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाले तर वरचा भाग वेतनातच धरायचा. हेतू चांगला आहे: बेसिक मुद्दाम लहान ठेवून ग्रॅच्युइटी मारण्याची सवय मोडावी. पण मघाचेच पत्र घ्या. समजा वेतन ८०,००० ऐवजी १,००,००० धरावे लागले आणि पीएफ आहे तसाच ठेवला. ग्रॅच्युइटीची तरतूद ३,८४८ वरून ४,८१० होते, म्हणजे ९६२ रुपयांनी वाढते. कंपनीने सीटीसी दोन लाखच ठेवली तर हे ९६२ रुपये त्याच्या स्पेशल अलाउन्समधून कापले जातात. मुदतीच्या करारावर असलेल्याला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी मिळू शकते, तेव्हा त्याचे पैसे लवकर परत येतील. कायम नोकरीतल्याला पाच वर्षांची अट तशीच आहे. चौथ्या वर्षी तो निघाला, तर स्वतःच्या अलाउन्समधून कापून गेलेले हे पैसेही त्याला मिळणार नाहीत.