मायकोसिस फंगॉइडिस आणि गर्भारपण

मायकोसिस फंगॉइडिस हा त्वचेत उद्भवणाऱ्या टी-पेशींच्या (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) लिम्फोमाचा, म्हणजे कर्करोगाचा, सर्वाधिक आढळणारा प्रकार. एकूण कर्करोगांत मात्र दुर्मीळ. फ्रेंच वैद्य आलिबेर यांनी १८०६ मध्ये त्याचे वर्णन केले. रुग्ण बहुधा पन्नाशीपुढचे असल्याने गर्भवतींविषयीचे ज्ञान मोजक्या नोंदींवर उभे आहे. सावळ्या त्वचेत दिसणारा फिकट चट्ट्यांचा प्रकार मात्र ऐन तारुण्यातही होतो.

चट्टे नितंब, मांड्या, स्तन अशा झाकलेल्या भागांवर येतात. घरी त्यांना नायटा किंवा कोड समजले जाते. पूर्व विदर्भात कुष्ठरोग अजून टिकून आहे. त्यामुळे नागपुरात ‘मेडिकल’ किंवा ‘मेयो’ या सरकारी रुग्णालयांच्या त्वचारोग विभागात फिकट चट्टा दिसला, की आधी कापूस टेकवून संवेदना पाहणे ओघानेच येते. कुष्ठाच्या चट्ट्यावर स्पर्श बधिर झालेला असतो, इथे तो सहसा कळतो. खात्री बायोप्सीनेच होते, तीही कधी पुन्हा करावी लागते. जागा बधिर करून घेतलेला त्वचेचा तुकडा गर्भाला बाधत नाही. खरा घोळ करते ते दुकानातून आणलेले स्टेरॉइडमिश्रित मलम: चट्टे दबतात आणि सूक्ष्मदर्शकाखालची खूण पुसट होते.

गर्भारपणात प्रतिकारशक्तीचा कल बदलतो, त्यामुळे आजार बळावेल अशी भीती सांगितली जाते. नोंदी संमिश्र आहेत. पण आजार सुरुवातीच्या टप्प्यात असेल, तर बहुतेक बाळंतपणे सुखरूप झालेली दिसतात. गाठी आलेल्या किंवा रक्तात पसरलेल्या आजाराचा हिशेब वेगळा. तिथे कर्करोगतज्ज्ञ आणि प्रसूतितज्ज्ञ यांनी एकत्र बसूनच ठरवावे लागते.

अडचण खरी औषधांची. बेक्सारोटीन व मेथोट्रेक्सेट गर्भाला घातक आहेत. ॲसिट्रेटिन थांबवल्यावरही तीन वर्षे गर्भधारणा टाळावी लागते, म्हणून तरुण स्त्रीला ते सहसा देऊच नये. किरणोपचाराआधी घ्यायच्या सोरालेनच्या गोळ्याही टाळतात. उरतात ती सौम्य स्टेरॉइड मलमे आणि नॅरोबँड यूव्हीबी हे अतिनील किरण. या किरणांनी शरीरातले फोलेट हे जीवनसत्त्व घटू शकते, तेव्हा फॉलिक ॲसिड चुकवू नये. वांग वाढू नये म्हणून चेहरा झाकतात. नागपूरच्या मे महिन्यातले ऊन हा याला पर्याय नव्हे, त्याने त्वचा नुसती भाजते.

बाळंतपणानंतर चट्टे स्तनावर असतील, तर मलम पाजून झाल्यावर लावावे आणि पुढच्या वेळी पाजण्याआधी पुसून घ्यावे. बेक्सारोटीन चालू करायचे असेल, तर अंगावर पाजणे बंद करावे लागते.