स्वतःच स्वरात येणारी गिटार: मोटारींचा मागोवा

सहा तारांच्या गिटारमध्ये एका तारेला हात लावला की बाकीच्या पाच हलतात. सर्वांत जाड ई तार (82.4 हर्ट्झ) डीवर उतरवली तर तिचा ताण सुमारे 20 टक्क्यांनी कमी होतो. गळ्यावरचा ओढा घटतो, गळा किंचित सरळ होतो आणि उरलेल्या तारा थोड्या चढतात. स्प्रिंगवर तरंगणाऱ्या ब्रिजवर (धडावरचा तारांचा आधार) हा परिणाम फारच ठळक दिसतो. म्हणून स्वर आपोआप लावणाऱ्या यंत्राला एका फेरीत काम उरकता येत नाही; ऐकायचे, फिरवायचे, पुन्हा ऐकायचे, हेच त्याचे काम.

1980च्या दशकात अमेरिकेत नील स्किन यांनी उभारलेल्या ट्रान्सपरफॉर्मन्स यंत्रणेत खुंट्यांना मोटारी नव्हत्याच. सगळी यंत्रणा गिटारच्या धडात बसवलेली असे आणि तारा ब्रिजच्या टोकाकडून ओढल्या वा सैल सोडल्या जात. वाजवता वाजवता ट्यूनिंग बदलणे हा तिचा खरा उपयोग. लेड झेपेलिनचे गिटारवादक जिमी पेज यांनी 1990च्या दशकात अशी लेस पॉल (गिब्सनची इलेक्ट्रिक गिटार) मंचावर वापरली. मात्र त्यासाठी धड कोरावे लागे, वजन वाढे आणि खर्च सामान्य वादकाच्या आवाक्याबाहेर जाई.

जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या ट्रॉनिकल कंपनीने मोटारी खुंट्यांत नेल्या, आणि माझ्या मते या इतिहासातले निर्णायक पाऊल हेच. ख्रिस अ‍ॅडम्स यांच्या या कंपनीच्या पॉवरट्यून यंत्रणेवर गिब्सन या अमेरिकी गिटार कंपनीने डिसेंबर 2007मध्ये रोबोट गिटार बाजारात आणली. ब्रिजवर प्रत्येक तारेखाली वेगळा पिएझो (कंपनाचे विद्युत संकेत करणारा घटक) असल्याने सहा तारा एकदम छेडल्या तरी प्रत्येकीचा स्वर स्वतंत्र मोजता येतो. नियंत्रणाची गुंडी धडावर, मोटारी डोक्यात. या दोन टोकांमधले संकेत खुद्द तारांमधूनच जातात. गुंडी ओढायची, ट्यूनिंग निवडायचे, तारा छेडायच्या आणि मोटारी थांबेपर्यंत आवाज टिकता ठेवायचा. तार लवकर विझली तर मापन अर्धवट राहते आणि मोटार चाचपडते.

ट्रॉनिकलच्या पुढच्या मिन-ई-ट्यून यंत्रणेत बॅटरीसकट सारे डोक्यामागच्या पट्टीत आले, धडात काही खोदायची गरज उरली नाही. 2015मध्ये गिब्सनने त्याची पुढची आवृत्ती, जी-फोर्स, अमेरिकेत बनणाऱ्या जवळजवळ सर्व मॉडेलांवर सरसकट बसवली. सोबत रुंद गळा आणि पितळी नट (गळ्याच्या डोक्याकडच्या टोकाला तारा टेकतात ती खाचांची पट्टी) आले, किमतीही चढल्या. वादक नाराज झाले आणि पुढच्याच वर्षी ही यंत्रणा ठरावीक मॉडेलांपुरती राहिली. यंत्रणा निकामी होती म्हणून हे घडले असे मला वाटत नाही. निवड काढून घेतली गेली, ही चूक होती.

दरम्यान वेगळ्या वाटाही निघाल्या. पीव्ही कंपनीच्या 2012च्या एटी-200 गिटारमध्ये अँटारेस कंपनीचे स्वर दुरुस्त करणारे सॉफ्टवेअर होते: तारा जशा आहेत तशाच राहतात, दुरुस्त होतो तो अ‍ॅम्पमधला आवाज. त्यामुळे अ‍ॅम्प हळू ठेवला की बेसूर तारांचा मूळ आवाज कानाला खटकतो. एव्हरट्यून ब्रिजमध्ये मोटार नाही की बॅटरी नाही. प्रत्येक तारेमागची स्प्रिंग आणि तरफ ताण स्थिर राखतात.

मोटारीच्या खुंट्यांचे बहुतेक बिघाड तार बसवण्यातच असतात. कुलूपबंद खुंटीत (तार चिमटीत घट्ट धरणाऱ्या खुंटीत) तार ताणून आत ओढायची, कुलूप घट्ट करायचे, उरलेले टोक कापायचे; वेढे द्यायचे नाहीत. वेढे राहिले तर ते आवळत जातात आणि लावलेला स्वर पुन्हा उतरतो. नवी तार आधी बोटांनी उचलून ताणून घ्यावी, मगच यंत्राला द्यावी. नटच्या खाचेत तार अडकत असेल तर मोटार फिरते पण स्वर हलत नाही, मग तार अचानक सुटते आणि लक्ष्याच्या पुढे निघून जाते. खाच साफ करून तिथे थोडे ग्राफाइट लावावे. फ्लॉइड रोझ ब्रिजसोबत येते तसे, तारा जागीच आवळून धरणारे कुलूपबंद नट असेल तर खुंटीच्या मोटारीचा काहीच उपयोग नाही, कारण नटापलीकडच्या तारेपर्यंत तिचा ओढा पोचतच नाही.