गॅलरीतला ‘लव्हबर्ड’ नक्की कोण?

गेल्या पावसाळ्यात आमच्या सोसायटीतल्या एका काकूंनी रविवारी सकाळीच हाक मारली. “अरे, आमच्या लव्हबर्डच्या पायाचं रक्त थांबत नाहीये, जरा येतोस का?” वर गेलो तर पिंजऱ्यात चार पक्षी. तीन बजी (बजरीगर), दोन पिवळे आणि एक निळा, कोपऱ्यात एकमेकांना खेटून बसलेले. आणि वरची अख्खी दांडी एकट्याने अडवून बसलेला हिरवा, गुलाबी तोंडाचा, खराखुरा लव्हबर्ड. निळ्याच्या डाव्या पायाचं एक बोट अर्धं गेलं होतं.

“दुकानदार म्हणाला हा पण लव्हबर्डच, फक्त भारीतला. म्हटलं, राहतील चौघं गुण्यागोविंदाने.”

बोटावर कॉर्नफ्लोर दाबून धरलं, रक्त थांबलं, मग डॉक्टरकडे नेलं. पण हा घोळ निस्तरायची माझी ही पहिली वेळ नव्हती.

आपल्याकडे वर्षानुवर्षं बजीलाच लव्हबर्ड म्हणतात. मुलाच्या वाढदिवसाला आणलेली, मडकं टांगलेल्या पिंजऱ्यातली ती जोडी म्हणजे बजी. सडपातळ, लांब शेपटी, पाठीवर काळ्या लाटा, दिवसभर चिवचिव. मूळ ऑस्ट्रेलियाचं, वजन जेमतेम तीस-चाळीस ग्रॅम. राळं-बाजरी घातली, समुद्रफेनाचा तुकडा अडकवला की स्वारी खूश. हा पक्षी तुम्हाला माहीत आहे, त्याच्यावर शाई घालवत नाही.

लव्हबर्ड आफ्रिकेचा. एकूण नऊ जाती, त्यातली एक मादागास्करची. आपल्या दुकानांत मुख्यतः तीन: पीचफेस (काकूंकडचा तो गुलाबी तोंडाचा), फिशर आणि मास्क. बुटका, डोक्याने मोठा, शेपटी आखूड. रंगाच्या भानगडीत पडूच नका, दोघांतही निळे-पिवळे-पांढरे सगळे मिळतात. शेपटी बघा, काम झालं. नर-मादी ओळखायची सोय बजीत चोचीच्या वर असते: नाकपुड्यांभोवतीचा पट्टा वयात आलेल्या नरात बहुतेक निळा, मादीत तपकिरी. लव्हबर्डच्या या तीन जातींत बाहेरून काही कळत नाही. दुकानदार छातीठोकपणे “हा नर” म्हणाला तर हसून सोडून द्या.

इथपर्यंत कुणाचं फारसं अडत नाही. अडतं चोचीवर.

बजीची चोच इवलीशी, पिसांत अर्धी बुडालेली. गवताचं बी सोलण्यापुरती. चिडून चावला तरी चिमटा बसतो, तेवढंच. लव्हबर्डची चोच म्हणजे पकड. उभ्या भिंतीवर चढताना पीचफेस आपलं डोकं चक्क तिसऱ्या पायासारखं वापरतो, शरीराचं वजन चोचीवर तोलून वर ओढतो. न्यूयॉर्कच्या संशोधकांनी २०२२ मध्ये हे मोजून दाखवलं. अंगाचा भार पेलणारी चोच दुसऱ्याच्या बोटावर पडली तर काय होईल, ते काकूंच्या निळ्याला विचारा.

आणि चोचीबरोबर स्वभाव येतो. बजी रानात प्रचंड थव्याने पाण्यामागे भटकणारा, त्यामुळे गर्दीची सवय. भांडणं होतात, मडक्यावरून माद्या तर चांगल्याच जुंपतात, पण बहुतेक वेळा आरडाओरड्यावर भागतं. लव्हबर्डही थव्यात राहतो, तरी माझी दांडी, माझी वाटी, माझं मडकं हा हिशेब त्याच्या डोक्यात पक्का. समोरचा त्याच्याहून लहान आणि त्याची भाषा न कळणारा असेल तर तो थेट बोट धरतो. गजाला धरून लटकलेल्या पक्ष्याची बोटं पलीकडून आयती मिळतात, म्हणून दोन पिंजरेसुद्धा चिकटवून ठेवायचे नाहीत, मध्ये वीतभर जागा हवीच. “पिंजरा मोठा घेतला तर?” हा प्रश्न हमखास येतो. नाही. “लहानपणापासून एकत्र वाढवले तर?” तरीही नाही. त्या नावातलं ‘लव्ह’ जोडीदारापुरतं आहे.

हुशारीचं म्हणाल तर लोक उलटंच धरून चालतात: महाग तो बोलणार. बोलतो तो बजी. कॅलिफोर्नियातल्या पक नावाच्या बजीला १,७२८ शब्द येत, गिनीज बुकात तशी नोंद आहे. त्यासाठी नर घ्यावा, एकटा असावा आणि त्याच्याशी रोज बसून बोलायचा तुमचा धीर हवा. जोडी आणली की ते आपसातच बोलत बसतात. लव्हबर्ड क्वचितच एखादा शब्द उचलतो. त्याचं डोकं हातकामात. आमच्या घरची पीचफेस मादी वर्तमानपत्राच्या कडेने चोच चालवत जाते, टाचण्यांनी टोचल्यासारखी भोकं पाडते, एकसारखी लांब पट्टी सुटी करते आणि ती कमरेच्या पिसांत खोचते. मग दुसरी. मला ही करामत शंभर ‘मिठू मिठू’पेक्षा भारी वाटते.

खर्चाचा फरक उगाच मोठा केला जातो. बजीची जोडी शेकड्यांत मिळते, लव्हबर्डची हजारांत, पण दोघांनाही खरा खर्च पिंजऱ्याचा आणि पक्ष्यांचा डॉक्टर शोधण्याचा. गोल पिंजरा मात्र फुकट मिळाला तरी घेऊ नका, माझ्या तर डोक्यात जातो.

“त्यापेक्षा आपला हिरवा पोपटच बरा” म्हणणाऱ्यांसाठी: तो १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो, पाळणं गुन्हा आहे. फिशर आणि मास्क ठेवता येतात, पण त्यांची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. बजी आणि पीचफेसला ही नोंद लागत नाही.

पहिल्यांदाच पक्षी आणणाऱ्याला मी बजीच सांगतो. लव्हबर्ड त्यानंतर, वेगळ्या पिंजऱ्यात.

काकूंनी दुसरा पिंजरा आणला. चौथ्या दिवशी त्या हिरव्याने सरकतं दार चोचीने वर उचललं आणि पडद्याच्या दांडीवर जाऊन बसला. काकूंनी दाराला कपड्यांचा चिमटा लावला, तो त्याने कुरतडला. आता तिथे तार पिळून लावली आहे. परवा जिन्यात भेटल्या तेव्हा विचारत होत्या, “सगळं ठीक आहे रे, पण हा बोलायला कधी लागेल?”