दोन लिटर पाण्यात एक रोल

छोट्या कॅम्परव्हॅनमध्ये कृष्णधवल फिल्मचा रोल धुवायचा म्हटलं की पहिली धास्ती अंधाराची वाटते. खिडक्यांना काळे कागद लावून फटी बुजवण्याची मात्र काहीच गरज नसते. पूर्ण अंधार लागतो तो फिल्म स्पायरलवर (फिल्म गुंडाळायच्या खाचांच्या चक्रीवर) चढवून धुण्याच्या टाकीत बंद करेपर्यंतच, आणि तेवढ्याला चेंजिंग बॅग, म्हणजे बाह्यांतून हात घालायची प्रकाशबंद पिशवी, पुरते. झाकण बसलं की पुढचं सगळं दिवसाउजेडी. व्हॅनमध्ये नडतात ते तापमान आणि धूळ.

बॅगेत त्रास देतो घाम. हात दहा मिनिटं आत राहिले की हवा दमट होते, फिल्मवरच्या लेपातलं जिलेटिन ओलावा शोषून चिकट होतं आणि फिल्म प्लॅस्टिकच्या स्पायरलमध्ये अर्ध्यावर अडकते. जोर लावला तर ती दुमडते आणि निगेटिव्हवर चंद्रकोरीसारखे डाग उठतात. अडकलीच तर ती तशीच टाकीत ठेवून झाकण लावावं, हात बाहेर काढून कोरडे करावेत, बॅगेतली हवा जाऊ द्यावी आणि पुन्हा बसावं. स्पायरल पूर्ण कोरडं हवं; फिल्मच्या टोकाचे कोपरे कात्रीने गोल केले तर ती सहज सरकते. भरलेल्या टाकीत प्रकाश शिरत नाही, त्यामुळे पहाटेच्या गारव्यात रोल भरून संध्याकाळी धुतला तरी चालतं.

लेपातल्या सिल्व्हर हॅलाइडच्या, म्हणजे चांदीच्या प्रकाशसंवेदी क्षाराच्या, प्रकाश पडलेल्या स्फटिकावर चांदीचे मोजके अणू तयार झालेले असतात. डेव्हलपर हे रसायन त्या अणूंपासून सुरुवात करून अख्ख्या स्फटिकाची चांदी करतो. ही क्रिया किती वेगाने होईल ते तापमान ठरवतं. तक्त्यांमधले २० अंश सेल्सिअस जमले नाहीत तरी बिघडत नाही, पण असलेलं तापमान नेमकं माहीत हवं आणि ते शेवटपर्यंत टिकायला हवं. इल्फर्ड एचपी५ प्लस या फिल्मला रोडिनल या डेव्हलपरच्या १+५० द्रावणात (एक भाग रसायन, पन्नास भाग पाणी) २० अंशांना ११ मिनिटं लागतात. २४ अंशांना साधारण साडेसात. वेळ पाच मिनिटांखाली आली की टाकी भरण्या-रिकामी करण्यातले सेकंदही जाणवू लागतात आणि निगेटिव्हवर असमान पट्टे येतात. थंडीत वेगळीच अडचण येते. डी-७६ सारख्या डेव्हलपरमधलं हायड्रोक्विनोन १२-१३ अंशांखाली जवळजवळ निष्क्रिय होतं, त्यामुळे तिथे नुसती वेळ वाढवून भागत नाही.

प्रवासात रोडिनलच न्यावं. १८९१ पासून वापरात असलेला हा घट्ट द्रव उघडलेल्या बाटलीतही वर्षानुवर्षं टिकतो, आणि एका रोलला सुई काढलेल्या सिरिंजने मोजून ६ मिलिलिटर पुरतो. वर २९४ मिलिलिटर पाणी, म्हणजे जवळजवळ १+५०. तो तीव्र अल्कधर्मी असतो, म्हणून हातमोजे घालावेत. व्हॅनमध्ये स्वयंपाक आणि रसायनं हातभर अंतरावर असतात. बाटल्यांवर ठळक नावं हवीत, आणि मापं-भांडी वेगळीच हवीत.

डेव्हलपर, हायपो (उरलेला सिल्व्हर हॅलाइड विरघळवून चित्र पक्कं करणारा फिक्सर) आणि धुण्याचं पाणी असं सगळं बाटल्यांत भरून कूलर बॉक्समधल्या पाण्यात अर्धा तास उभं ठेवावं. सगळ्यांचं तापमान एक होतं आणि तसंच राहतं. गरम द्रावणानंतर एकदम गार पाणी घातलं तर जिलेटिनला सुरकुत्या पडू शकतात. डेव्हलपर ओतल्यावर बुडबुडे सुटावेत म्हणून टाकी आपटावी, पहिली ३० सेकंदं सतत आणि मग दर मिनिटाला १० सेकंदं हलकेच उलटसुलट करावी. गाडी थांबलेलीच हवी. धक्क्यांनी द्रावण आपल्या हिशेबाबाहेर हलतं.

डेव्हलपरनंतर साध्या पाण्याने एकदा विसळून १+४ रॅपिड फिक्सर, ज्याला बोलताना हायपोच म्हणतात. फिल्मचा कापलेला तुकडा आधी त्यात टाकून तो किती वेळात पारदर्शक होतो ते पाहावं. त्याच्या दुप्पट वेळ फिल्मला द्यावी. तुकडा पारदर्शक व्हायला ताज्या हायपोच्या दुप्पट वेळ लागू लागली की तो संपला. निगेटिव्ह दुधाळ दिसली तर घाबरू नये, पुन्हा हायपोत घालता येते.

धुण्याला वाहतं पाणी लागत नाही. जिलेटिनमधला हायपो बाहेरच्या पाण्याशी समतोल होईपर्यंतच निघतो, म्हणून पाणी बदलणं महत्त्वाचं. इल्फर्डची पद्धत अशी: ताजं पाणी भरून ५ वेळा उलटसुलट, बदलून १० वेळा, पुन्हा बदलून २० वेळा. फिक्सर मात्र हार्डनर (जिलेटिन कडक करणारं रसायन) नसलेला हवा. शेवटी डिस्टिल्ड पाण्यात वेटिंग एजंटचे (पाणी थेंब न धरता सरकून जावं म्हणून घालायच्या द्रवाचे) दोन-तीन थेंब, नाहीतर जड पाण्याचे क्षार डाग ठेवून जातात. हिशेब करा: डेव्हलपर ३००, विसळणं ३००, तीन धुणी ९००, शेवटचं ३००. एकूण १,८०० मिलिलिटर.

सर्वांत जास्त रोल खराब होतात ते वाळवताना. ओलं जिलेटिन धूळ धरून ठेवतं आणि सुकल्यावर ती सोडत नाही. आधी आतल्या पृष्ठभागांवरून ओलं फडकं फिरवावं, हवेत पाण्याचा फवारा मारावा आणि धूळ बसू द्यावी. छत्तीस फोटोंची फिल्म सुमारे १.६ मीटर लांब असते. छत बुटकं असेल तर दोन्ही टोकं वर अडकवून चमकदार बाजू आत राहील असा झोळ सोडावा. दोन-तीन तास दार बंद, पंखा बंद, चूलही बंद.

वापरलेल्या हायपोत चांदी विरघळलेली असते आणि ती पाण्यातल्या जीवांना घातक असते. तो मातीत, ओढ्यात किंवा व्हॅनच्या सांडपाण्याच्या टाकीत ओतू नये. एका कॅनमध्ये साठवावा, कॅनवर नाव आणि धुतलेल्या रोलांची संख्या लिहावी, आणि घातक कचरा स्वीकारणाऱ्या केंद्रावर द्यावा.