नदीच्या गाळातील पाऱ्याची तपासणी (गोवा)

नदी, खाडी किंवा खाजनाच्या (बांध घालून भरतीच्या पाण्यापासून राखलेल्या सखल जमिनीच्या) तळगाळात पारा किती आहे, कोणत्या रूपात आहे आणि तो कुठून आला असावा, हे ठरवण्याची पद्धत. जुन्या खाणकामाचा माग काढण्यासाठी ती जगभर वापरली जाते. नदीच्या पाण्याचा नमुना घेतला तर पारा बहुधा सापडतच नाही. तो चिकणमातीच्या बारीक कणांना, लोह-मँगॅनीजच्या ऑक्साइडांना आणि कुजलेल्या सेंद्रिय द्रव्याला चिकटून तळाशी बसतो. खाण बंद होऊन शंभर वर्षे लोटली तरी गाळात तो टिकून असतो आणि मोठ्या पुराने तळ खरवडला की पुन्हा हलतो. म्हणून तपासायचा तो गाळ.

खाणकाम आणि पारा यांचा संबंध दोन प्रकारचा आहे. एक, पाऱ्याचीच खाण: स्लोव्हेनियातील इद्रिया येथे हिंगूळ (पाऱ्याचे लाल खनिज) भाजून पारा काढण्याचे काम सुमारे ५०० वर्षे चालले आणि तिथला पारा सोचा नदीवाटे त्रिएस्तच्या आखातापर्यंत पोचला. दुसरा, सोने धुताना वापरलेला पारा: सोन्याचे बारीक कण पाऱ्यात मिसळून पारदमेल होतो, तो तापवला की पारा उडून जातो आणि सोने उरते. धुण्याच्या नाळीतून निसटलेला पारा नदीत जातो. १९व्या शतकातील कॅलिफोर्नियाच्या सोनेखाणींतून असा गेलेला पारा आजही सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या गाळात मोजता येतो.

गोव्यातील प्रश्न वेगळा का

गोव्यात काढले गेले ते लोहखनिज, आणि त्याहून कमी मँगॅनीज. ही दोन्ही खनिजे धुताना पारा वापरत नाहीत. त्यामुळे 'खाणीचा गाळ म्हणजे पाऱ्याचा गाळ' हे गृहीतक गोव्यात लागू पडत नाही. पोर्तुगीज काळात दिलेल्या खाण-सवलतींचे १९८७च्या कायद्याने खाणपट्ट्यांत रूपांतर झाले. पुढे २०१२ मध्ये खाणी थांबल्या, २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घातली आणि २०१८ मध्ये ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले. या सगळ्या काळात डिचोली, सत्तरी, धारबांदोडा आणि सांगे या तालुक्यांतून मांडवी-जुवारीत जे उतरले, ते मुख्यतः लोहयुक्त लाल बारीक माती आणि धुण्यातील चिखल.

तरीही तपासणीला अर्थ आहे. बारीक लोह-ऑक्साइड पाऱ्याला धरून ठेवते, म्हणून दुसरीकडून आलेला पाराही खाणमातीबरोबर बसू शकतो. दुसरे स्रोत आहेतच: कोळसा जाळल्यावर हवेतून उतरणारा पारा, मुरगाव बंदरात हाताळला जाणारा कोळसा (त्यात अल्प पारा असतोच), फुटलेले थर्मामीटर आणि नळीदिवे, दातांच्या दवाखान्यांतील भरणद्रव्य, शहरांचे सांडपाणी. गोव्यात या तपासणीने सोडवायचे कोडे 'पारा आहे का' एवढेच नाही, तर 'असला तर तो खाणमातीबरोबर वाढतो की शहराबरोबर' हे आहे. नमुने घेण्याची सारी आखणी याच प्रश्नावरून करावी लागते.

जागा आणि वेळ

मांडवी आणि जुवारी कुंभारजुव्याच्या कालव्याने जोडल्या आहेत आणि भरतीचे पाणी दोन्ही नद्यांत खूप आतपर्यंत चढते. त्यामुळे 'खाणीच्या खाली' आणि 'खाणीच्या वर' असा सरळ भेद खाडीच्या भागात टिकत नाही. गाळ भरतीबरोबर उलटाही सरकतो. निदान पाच प्रकारच्या जागा घ्याव्यात: वाळपईच्या वरच्या अंगाला, खाणीचे पाणी मिळत नाही असा म्हादईचा (मांडवीच्या वरच्या प्रवाहाचा) टप्पा, डिचोली आणि खांडेपार यांसारख्या उपनद्यांची मुखे, आमोणे किंवा सावर्डे-कुडचडे येथे बार्जमध्ये खनिज भरले जाई ते धक्के, चोडण-दिवाडीजवळची कांदळवने, आणि पणजी व मुरगावकडची मुखाची बाजू. काणकोणातील तळपण किंवा गालजीबाग तुलनेसाठी मोहात पाडतात, पण तिथला खडक वेगळा, ग्रॅनाइटाचा आहे. त्यांची पातळी मांडवीची 'मूळ पातळी' (प्रदूषणाआधीची नैसर्गिक पातळी) म्हणून थेट वापरू नये.

वेळ एप्रिल-मे आणि पुन्हा ऑक्टोबर-नोव्हेंबर. पावसाळ्यात वरून सुमारे ३००० मिमी. पाणी येते, तळ खरवडला जातो आणि नवा लाल गाळ पसरतो. जुलैत घेतलेला एकच नमुना त्या आठवड्याच्या पुराबद्दल सांगेल, नदीबद्दल नाही. ओहोटीला, शक्यतो उधाणाच्या दिवसांत, चिखलाचा काठ उघडा पडतो तेव्हा काम सोपे होते. होडीतून घ्यायचे तर भांगाच्या दिवसांत प्रवाह मंद असतो.

वाळू उपसल्या जाणाऱ्या जागा आणि बार्जच्या पंख्याने ढवळलेला मुख्य मार्ग टाळावा. खाजनाच्या मानशीसमोरचा (पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या दरवाजासमोरचा) खोल भागही टाळावा, कारण तिथे पाण्याच्या जोराने बारीक गाळ टिकतच नाही. आत, बांधाच्या आडोशाला, जिथे पाय घोट्यापर्यंत बुडतो तो मऊ राखाडी चिखल हवा.

नमुना घेणे

आजची स्थिती पाहायची तर वरचे २ सेंमी. पुरेत. प्लॅस्टिकच्या चमच्याने, आणि पकड-यंत्र वापरले तर पात्याला न लागलेला मधला भागच घ्यावा. एका जागी ५ ते १० मी. अंतराने पाच ठिकाणचा गाळ घेऊन तो काचेच्या किंवा स्वच्छ प्लॅस्टिकच्या भांड्यात मिसळतात. त्यातून २०० ते ३०० ग्रॅम ओला गाळ काचेच्या बरणीत काठोकाठ भरतात. पातळ पॉलिथिनमधून पाऱ्याची वाफ आरपार जाते, म्हणून पिशवी वापरलीच तर दुहेरी, आणि ती लवकर गोठवावी. बर्फाच्या पेटीत ४° से. वर नेऊन प्रयोगशाळेत उणे २०° से. वर ठेवावा. भांडी आधी १०% नायट्रिक अम्लात रात्रभर भिजवून शुद्ध पाण्याने धुतलेली असावीत.

चिखल नेमका कुठून घेतला, पाण्याची खोली, भरतीची अवस्था, रंग, वास, क्षारता हे जागीच लिहावे. सडक्या अंड्यासारखा वास आला तर ती नोंद महत्त्वाची: तिथे सल्फाइड आहे आणि पारा काळ्या सल्फाइडच्या रूपात असण्याची शक्यता मोठी.

सोनेखाणीच्या जुन्या परिसरात आणखी एक अडचण येते. धातुरूप पाऱ्याचा एखादा थेंब नमुन्यात आला तर आकडा एकदम शंभरपट चढतो आणि शेजारच्या नमुन्यात काहीच नसते. तिथे मोठा नमुना, परातीत धुऊन जड भाग वेगळा पाहणे आणि प्रत्येक जागी तीन स्वतंत्र नमुने आवश्यक असतात. गोव्यात असा थेंब सापडला तर फुटलेल्या उपकरणाचा संशय आधी घ्यावा.

सुकवणे आणि चाळणे

सर्वाधिक चुका इथे होतात. गाळ नेहमीप्रमाणे भट्टीत १०५° से. वर सुकवला, तर पाऱ्याचा काही भाग उडून जातो आणि नदी होती त्यापेक्षा स्वच्छ दिसते. गोठवून सुकवावा किंवा ४०° से.च्या आत हवेवर सुकवावा. ओलाव्यासाठी वेगळा भाग काढून तोच १०५° से. वर ठेवावा. निकाल कोरड्या वजनावर लिहिणे बंधनकारक मानावे. ६०% पाणी असलेल्या चिखलात ओल्या वजनावर ०.०६ मिग्रॅ. प्रति किग्रॅ. आले, तर कोरड्यावर ते ०.१५ होते. दोन अहवालांची तुलना फसते ती बहुधा याच कारणाने.

गाळ २ मिमी. चाळणीतून आणि मग ६३ मायक्रोमीटर चाळणीतून काढतात. पारा बारीक कणांत असतो. ८०% वाळू असलेल्या नमुन्यात एकूण ०.०३ मिग्रॅ. प्रति किग्रॅ. निघाले, तर सारा पारा उरलेल्या २०% बारीक भागातच असल्याचे धरून तिथे तो ०.१५ ठरतो. वाळूने लपवलेली ही पातळी दिसण्यासाठी बारीक भागाची तपासणी आणि कणांच्या आकाराची टक्केवारी, दोन्ही द्यावीत.

प्रयोगशाळेतील मोजणी

जुनी, अजूनही सर्वत्र चालणारी पद्धत थंड-बाष्प अणुशोषणाची. ०.५ ग्रॅम गाळात ५ मिली. पाणी आणि ५ मिली. अम्लराज (तीन भाग हायड्रोक्लोरिक, एक भाग नायट्रिक) घालून ९५° से.च्या जलकुंडात २ मिनिटे ठेवतात. नुसते नायट्रिक चालत नाही, कारण हिंगूळ त्यात नीट विरघळत नाही. थंड झाल्यावर ५० मिली. पाणी आणि ५% पोटॅशियम परमँगनेटचे १५ मिली. द्रावण घालून ९५° से. वर ३० मिनिटे. जांभळा रंग टिकला पाहिजे. कांदळवनातल्या चिखलाचे सेंद्रिय द्रव्य परमँगनेट खाऊन टाकते. रंग गेला तर १५ मिनिटे टिकेपर्यंत आणखी घालावे. नंतर हायड्रॉक्सिलअमाइन क्षाराने जास्तीचे परमँगनेट नष्ट करतात, स्टॅनस क्लोराइडने पारा धातुरूपात आणतात आणि त्याची वाफ २५३.७ नॅनोमीटर तरंगलांबीवर मोजतात.

खाडीच्या खाऱ्या नमुन्यात एक सापळा आहे. क्लोराइडपासून मोकळा क्लोरीन तयार होतो आणि तोही २५३ नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषतो, म्हणजे पारा नसताना दिसतो. परमँगनेट व हायड्रॉक्सिलअमाइन पुरेसे जास्त घालावे आणि स्टॅनस क्लोराइड घालण्याआधी बाटलीत द्रावणावर साचलेली हवा बाहेर काढावी. पणजीकडचे नमुने वाळपईकडच्यांपेक्षा ठळकपणे जास्त आले, तर शहराला दोष देण्याआधी हे तपासावे.

मोजणीची खालची मर्यादाही पाहावी. प्रमाणवक्राचा (ठाऊक प्रमाणाच्या द्रावणांवरून काढलेल्या आलेखाचा) सर्वांत खालचा बिंदू ०.०५ मायक्रोग्रॅमचा असेल, तर अर्ध्या ग्रॅमसाठी तो ०.१ मिग्रॅ. प्रति किग्रॅ. होतो. अदूषित गाळात पारा बहुधा याहून कमी असतो, म्हणून मूळ पातळी ठरवायला ही पद्धत अपुरी पडू शकते. तिथे थेट ऊष्मीय विघटनाचे यंत्र बरे: ०.१ ग्रॅमच्या आसपास कोरडा गाळ ऑक्सिजनच्या प्रवाहात तापवून निघालेला पारा सोन्याच्या जाळीवर पकडतात आणि मग मोजतात. अम्ल लागत नाही, काही मिनिटांत आकडा मिळतो. मात्र जास्त पाऱ्याच्या नमुन्यानंतर यंत्रात थोडा पारा शिल्लक राहतो. नमुना ठेवायची छोटी नाव रिकामीच चालवून तो घालवावा लागतो. हातात धरण्याचे क्ष-किरण यंत्र लोह-मँगॅनीजसाठी उत्तम, पण नेहमीच्या नदीतल्या अल्प पाऱ्यासाठी निरुपयोगी.

दर दहा ते वीस नमुन्यांमागे एक कोरा (गाळाविना), एक दुहेरी (तोच नमुना पुन्हा) आणि एक प्रमाणित संदर्भ गाळ (पाऱ्याचे प्रमाण आधीच ठाऊक असलेला) हवा. मेस-३ या सागरी गाळाचे मूल्य ०.०९१ मिग्रॅ. प्रति किग्रॅ. आहे, म्हणून तो गोव्यासारख्या कमी पातळीला जुळतो. या ठाऊक मूल्याच्या ८० ते १२०% परतावा न मिळाल्यास त्या गटाचे सर्व आकडे बाद करावेत.

आकड्याचा अर्थ

तुलनेसाठी परदेशी मार्गदर्शक मूल्ये घेतली जातात. कॅनडाच्या गोड्या पाण्याच्या निकषात ०.१७ मिग्रॅ. प्रति किग्रॅ. खाली जीवांना अपाय क्वचित, तर ०.४८६च्या वर वारंवार दिसतो. सागरी गाळासाठी हेच आकडे ०.१३ आणि ०.७० आहेत. यांच्या पुढे गेले म्हणजे अपाय झालाच असे नाही. पुढची तपासणी हवी, एवढाच अर्थ.

स्रोत ओळखण्यासाठी पाऱ्याचे ॲल्युमिनियमशी (ते चिकणमातीचे माप मानून) गुणोत्तर काढून ते मूळ पातळीच्या गुणोत्तराने भागतात. अनेक देशांत ॲल्युमिनियमऐवजी लोहाने भागतात. गोव्यात ते करू नये. इथे लोह स्वतःच खाणींतून आलेले आहे. पारा आणि लोह दोन्ही वाढले तर भागाकार जैसे थे राहतो आणि प्रदूषण नाहीसे होते, तेही फक्त कागदावर. ॲल्युमिनियम किंवा लिथियम वापरावे आणि लोह वेगळे दाखवावे. लोह चढते पण पारा-ॲल्युमिनियम गुणोत्तर स्थिर असेल, तर नदीत खाणमाती आहे, पाऱ्याचा वेगळा स्रोत नाही. गुणोत्तर मुखाकडे चढत असेल, तर शहर-बंदराकडे पाहावे.

इतिहास पाहण्यासाठी ५० ते ७५ मिमी. व्यासाची नळी चिखलात दाबून गाभा काढतात आणि १ ते २ सेंमी.चे काप करतात. नळीच्या कडेला घासलेला भाग फेकून द्यावा. वय शिसे-२१० ने (अर्धायु सुमारे २२ वर्षे) काढतात. मांडवी-जुवारीत २०१२च्या खाणबंदीनंतरचा लोहाचा उतार, दिसला तर, स्वतंत्र खूण म्हणून उपयोगी पडतो. खेकड्यांनी पोखरलेल्या किंवा उपसा झालेल्या जागेत थर उलटसुलट होतात आणि वय काढणे व्यर्थ ठरते.

एकूण पारा कळला तरी तो माशांत किती जाईल हे कळत नाही. प्राणवायू नसलेल्या चिखलात सल्फेट-क्षपणकारी जीवाणू पाऱ्याचे मिथिल पाऱ्यात रूपांतर करतात. तोच अन्नसाखळीत वर वर साचतो; १९५६ मध्ये जपानात उघडकीस आलेला मिनामाता रोग त्याचाच. त्यासाठी वेगळी तपासणी लागते आणि नमुना काढल्यापासून गोठलेलाच ठेवावा लागतो. खाजनातील तिसऱ्या, शिंपल्या आणि खेकडे ही तिथल्या लोकांची रोजची जेवणे असल्याने गाळाबरोबर त्यांच्या मांसाचीही तपासणी करणे योग्य.

काम संपल्यावर उरलेले अम्ल, परमँगनेट आणि पाऱ्याची द्रावणे वेगळ्या, नाव लिहिलेल्या बाटल्यांत साठवून घातक कचरा म्हणून द्यावीत. ती बेसिनमध्ये ओतली तर शेवटी खाडीतच पोचतात. अम्लराज घट्ट झाकणाच्या बाटलीत कधीही ठेवू नये. वायूने बाटली फुटते.