जंपसीट : कॉकपिटमधील जादा आसन आणि कॅप्टनचा अधिकार

प्रवासी किंवा मालवाहू विमानाच्या कॉकपिटमध्ये, दोन्ही वैमानिकांच्या मागे असलेले घडीचे आसन. नियमांच्या भाषेत हे ‘निरीक्षक आसन’. वैमानिकांच्या बोलण्यात जंपसीट. या आसनावर कोणी बसायचे हे कॅप्टन ठरवतो, असे सरसकट सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. नकार देण्याचा कॅप्टनचा अधिकार जवळजवळ निरपवाद आहे. परवानगी देण्याचा अधिकार मात्र त्याच्या एकट्याच्या हाती नाही. या विषयावरील बहुतेक वाद हा फरक नजरेआड झाल्याने उद्भवतात.

व्युत्पत्ती : हा शब्द विमानांहून जुना आहे. अमेरिकेत साधारणपणे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घोडागाडीतील सरकत्या किंवा घडी होणाऱ्या जादा बैठकीला हे नाव मिळाले असावे. बसणारा उठताच स्प्रिंगमुळे बैठक उडी मारल्यासारखी मिटते म्हणून जंपसीट, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. परंतु जुन्या वापरात भर बैठक जागेवरून हलवता येण्यावर आहे, स्प्रिंगवर नाही. त्यामुळे हे स्पष्टीकरण मागाहून चिकटलेले असण्याचा संभव अधिक. गाडीतून मोटारीत आणि तेथून विमानात असा शब्दाचा प्रवास झाला. केबिन कर्मचाऱ्यांच्या घडीच्या आसनांनाही हेच नाव आहे. ती या नोंदीच्या कक्षेबाहेर आहेत.

रचना : बहुतेक मोठ्या विमानांत अशी एक किंवा दोन आसने असतात. त्यांना खांद्यावरून येणारे पट्टे, प्राणवायूचा मुखवटा आणि वैमानिकांचे बोलणे ऐकण्यासाठी हेडसेटची सोय असते. बोइंग ७३७ मध्ये हे आसन उघडले की दाराकडची वाट अडते. तेथे बसलेल्याचे गुडघे दोन्ही वैमानिकांच्या मधल्या कन्सोलपासून फार दूर नसतात आणि डोक्यावरचे पॅनेलही हाताच्या टप्प्यात येते. येथे कोण बसतो याला एवढे महत्त्व का, हे या अंतरावरूनच कळते.

अधिकाराचे मूळ : याबाबत दोन मते आहेत. पहिल्या मतानुसार कॅप्टनचा अधिकार जहाजाच्या कप्तानाकडून वारशाने आलेला, मूळचाच आहे. तो कंपनीने दिलेला नाही. दुसऱ्या मतानुसार कॅप्टन हा विमान चालवणाऱ्या कंपनीचा प्रतिनिधी असून त्याचे अधिकार कायद्याने आणि कंपनीच्या नियमपुस्तिकेने आखून दिलेले आहेत. कॅप्टनच्या कायदेशीर स्थानावर स्वतंत्र आंतरराष्ट्रीय करार व्हावा यासाठी दोन महायुद्धांच्या दरम्यान आणि नंतरही प्रयत्न झाले, पण करार झाला नाही. आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतुकीविषयीच्या १९४४ च्या शिकागो कराराच्या परिशिष्टांनी ही उणीव काही अंशी भरून काढली. परिशिष्ट २ विमानाबाबतचा अंतिम निर्णय कॅप्टनकडे सोपवते. परिशिष्ट ६ त्याला विमानातील सर्वांच्या सुरक्षिततेसाठी जबाबदार धरते, मात्र दारे बंद झाल्यापासून. विमानातील गुन्ह्यांविषयीच्या १९६३ च्या टोकियो कराराने कॅप्टनला उपद्रवी व्यक्तीला आवरण्याचे आणि खाली उतरवण्याचे अधिकार दिले, तसेच करारानुसार केलेल्या कृतीसाठी त्याला दायित्वातून संरक्षणही दिले. तेथेही अधिकाराची सुरुवात बाहेरची सर्व दारे बंद होण्याशी जोडलेली आहे.

खरी अडचण येथेच आहे. जंपसीटचा निर्णय दारे बंद होण्यापूर्वी, प्रवासी चढत असतानाच होतो. म्हणजे आंतरराष्ट्रीय करारांचे बळ सुरू होण्याआधीच कॅप्टनला हो किंवा नाही म्हणावे लागते आणि त्या क्षणी त्याच्या पाठीशी प्रामुख्याने देशाचा कायदा व कंपनीचे नियम असतात. परवानगीपुरते पाहिल्यास दुसरे मत अधिक सयुक्तिक दिसते. नकाराचा उलगडा मात्र पहिल्या मताशिवाय होत नाही, कारण जबाबदारी ज्याच्यावर पडणार आहे त्यालाच आधी नाही म्हणता आले पाहिजे.

अमेरिकी नियम : या विषयाची सर्वांत तपशीलवार मांडणी अमेरिकेच्या संघीय विमानवाहतूक नियमांत आढळते. कलम १२१.५४७ नुसार कॉकपिटमध्ये विमानाचा कर्मचारीवर्ग, कामावर असलेला सरकारी निरीक्षक किंवा अपघात-तपास मंडळाचा अधिकृत प्रतिनिधी यांना प्रवेश आहे. याखेरीज कोणाला घ्यायचे असल्यास कंपनी, कॅप्टन आणि शासनाची विमानवाहतूक यंत्रणा या सर्वांची संमती लागते. एकाची जरी नसली तरी प्रवेश नाही. केबिनमध्ये त्या व्यक्तीसाठी रिकामे आसन असावे, अशीही अट आहे. निरीक्षक, हवाई वाहतूक नियंत्रक, इतर कंपन्यांचे अधिकृत वैमानिक अशा काहींना ती लागू नाही. भरलेल्या विमानातूनही वैमानिक जंपसीटवर बसून जाऊ शकतो तो या अपवादामुळे.

कलम १२१.५४८ निरीक्षकाला कॉकपिटमध्ये विनाअडथळा प्रवेश देते. त्याला कॅप्टन अडवू शकतो का, हा जुना प्रश्न आहे. १२१.५४७ मध्येच असे म्हटले आहे की, सुरक्षिततेसाठी कोणालाही बाहेर ठेवण्याच्या कॅप्टनच्या आणीबाणीच्या अधिकारावर या तरतुदीने मर्यादा येत नाही. ‘आणीबाणी’ हा शब्द काहीजण काटेकोरपणे घेतात : प्रत्यक्ष धोका दिसला तरच निरीक्षकाला नाकारता येईल. इतर काहीजण तो कलम ९१.३ मधील अंतिम अधिकाराशी जोडून व्यापक अर्थाने वाचतात. शब्दरचनेकडे पाहता पहिले वाचन अधिक सुरक्षित वाटते. सहकारी वैमानिकाच्या बाबतीत मात्र कारण सांगण्याचीही गरज नाही, असे मानण्याची रीत आहे.

प्रथा : घरापासून दूरच्या विमानतळावर ड्यूटी असलेले अनेक वैमानिक जंपसीटवरून ये-जा करतात, त्यासाठी कंपन्यांमध्ये परस्पर करार असतात. बसू इच्छिणारा वैमानिक गेटवर नाव नोंदवतो, पण तेवढ्याने भागत नाही. तो कॉकपिटच्या दाराशी थांबतो, ओळखपत्र, लायसन्स व वैद्यकीय प्रमाणपत्र पुढे करतो आणि कॅप्टनला स्वतः विचारतो. गेटवर नाव लागले म्हणून न विचारता आत येऊन बसणे असभ्यपणाचे समजतात. हा केवळ शिष्टाचार नाही. या दोन मिनिटांत कॅप्टन समोरच्याचा चेहरा, बोलणे, थकवा न्याहाळतो, आणि ती पारख कोणत्याही संगणकीय यादीत होत नाही. संपाच्या काळात काम करणाऱ्या वैमानिकांना संपानंतर जंपसीट नाकारली गेल्याचेही सांगितले जाते. अशा नकाराचा सुरक्षिततेशी संबंध नाही; तो अधिकाराचा गैरवापरच म्हणावा लागेल.

एकदा बसल्यावर त्या व्यक्तीला जादा कर्मचाऱ्यासारखे वागावे लागते. अमेरिकेत १९८१ पासून लागू असलेल्या नियमानुसार १०,००० फुटांखाली कॉकपिटमध्ये कामाखेरीज बोलणे वर्ज्य आहे. ते तिलाही पाळावे लागते.

घटना : ७ एप्रिल १९९४ रोजी मेंफिसहून निघालेल्या फेडेक्स ७०५ या मालवाहू डीसी-१० विमानात जादा आसनाच्या सवलतीने आलेल्या कंपनीच्याच फ्लाइट इंजिनियरने तिन्ही वैमानिक-कर्मचाऱ्यांवर हातोड्यांनी हल्ला केला. हत्यारे गिटारच्या पेटीतून आणलेली होती. गंभीर जखमी अवस्थेत त्यांनी विमान मेंफिसला परत उतरवले. त्याच वर्षी २३ मार्चला एरोफ्लोट या रशियन कंपनीच्या उड्डाण ५९३ च्या कॅप्टनने आपल्या मुलांना वैमानिकाच्या आसनावर बसू दिले होते. विमान कोसळून ७५ जण दगावले. जंपसीटशी या अपघाताचा थेट संबंध नाही, पण कॅप्टनचे एकट्याचे ‘हो’ पुरेसे का मानू नये, याचे याहून दारुण उदाहरण नाही.

११ सप्टेंबर २००१ नंतर अमेरिकेत इतर कंपन्यांच्या वैमानिकांना जंपसीट बंद झाली. नोकरी व ओळख तत्काळ पडताळणारी संगणकीय प्रणाली आल्यावर ती पुन्हा खुली झाली. तरीही २२ ऑक्टोबर २०२३ रोजी होरायझन एअर या अमेरिकी कंपनीच्या उड्डाणात जंपसीटवरील, सुटीवर असलेल्या वैमानिकाने इंजिनांच्या आग विझवणाऱ्या यंत्रणेचे हँडल (ते ओढल्यास इंजिने बंद पडतात) ओढण्याचा प्रयत्न केला. वैमानिकांनी त्याला रोखले आणि विमान पोर्टलंडला वळवले. त्याची ओळख आणि नोकरी दोन्ही खरी होती. पडताळणीत न दिसणारी गोष्ट मनःस्थितीची होती, आणि त्यानंतर वैमानिकांच्या मानसिक आरोग्याचा प्रश्न अमेरिकी यंत्रणेने समिती नेमून हाती घेतला.

जंपसीटवरील व्यक्ती उपयोगीही पडू शकते, ही दुसरी बाजूही नोंदवायला हवी. २८ ऑक्टोबर २०१८ रोजी डेन्पसारहून जकार्ताला जाणाऱ्या लायन एअर या इंडोनेशियन कंपनीच्या बोइंग ७३७ मॅक्स विमानाचे नाक यंत्रणेतील बिघाडामुळे वारंवार खाली ओढले जात होते. त्या वेळी निरीक्षक आसनावर तिसरा वैमानिक होता आणि ते विमान सुखरूप उतरले. दुसऱ्या दिवशी तेच विमान वेगळ्या वैमानिकांसह जावा समुद्रात कोसळले.

इतर देश : अमेरिकेबाहेर प्रवेशाचे नियम साधारणतः कंपनीच्या मंजूर नियमपुस्तिकेवर सोपवलेले असतात. भारतात २०२३ मध्ये दुबई–दिल्ली उड्डाणात परिचित व्यक्तीला कॉकपिटमध्ये घेतल्याबद्दल नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाने कॅप्टनचे लायसन्स ३ महिन्यांसाठी निलंबित केले व कंपनीला ३० लाख रुपये दंड केला.