गावचा रस्ता किंवा पूल मंजूर करून घ्यायचाय? आधी रस्त्याचा नंबर शोधा, मग निधी

निवेदन घेऊन पार मंत्रालयापर्यंत जाऊन आलेली गावं मी बघितलीत, आणि बऱ्याच वेळा कागद परत येतो तो एकाच कारणाने, निवेदनात रस्त्याचा दर्जा आणि क्रमांकच नसतो. "आमच्या गावचा रस्ता फार खराब आहे, तरी मंजुरी मिळावी" एवढंच लिहिलेलं असतं. आता तो रस्ता कुणाचा, पीडब्ल्यूडीचा की झेडपीचा की ग्रामपंचायतीचा हे कळल्याशिवाय पुढचा माणूस पैसे कुठल्या खात्यातून देणार? म्हणून ही माहिती जरा सविस्तर लिहितोय, महाराष्ट्रापुरती.

रस्त्यांचे दर्जे असे आहेत. वरती राष्ट्रीय महामार्ग, त्याचा आपल्याशी इथे संबंध नाही. मग प्रमुख राज्य मार्ग, राज्य मार्ग (कागदावर रामा लिहितात) आणि प्रमुख जिल्हा मार्ग म्हणजे प्रजिमा, हे सगळे सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. त्याच्या खाली इतर जिल्हा मार्ग म्हणजे इजिमा आणि ग्रामीण मार्ग म्हणजे ग्रामा, हे दोन्ही जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे. गावातल्या गल्ल्या, अंतर्गत रस्ते ग्रामपंचायतीचे. प्रत्येक ग्रामा आणि इजिमाला तालुक्याप्रमाणे क्रमांक असतो आणि तो पंचायत समितीत बसणाऱ्या झेडपी बांधकामच्या उपअभियंत्याकडे मिळतो. तिथे जाऊन रस्त्याचा क्रमांक, कुठून कुठपर्यंत आणि किती लांबी हे लेखी मागून घ्या, अर्ध काम तिथंच होतं.

तुमचा रस्ता यादीतच नसेल तर त्याला योजनाबाह्य रस्ता म्हणतात, म्हणजे रस्ते विकास योजनेत त्याची नोंद नाही. वाड्या-वस्त्यांचे कितीतरी रस्ते असेच आहेत, लोक पिढ्यानपिढ्या चालतायत, एसटीसुद्धा जाते, पण कागदावर रस्ताच नाही. अशा वेळी आधी ग्रामपंचायतीच्या नमुना २३ ला म्हणजे रस्त्यांच्या नोंदवहीत नोंद करून घ्यायची आणि ग्रामसभेचा ठराव करून दर्जा मिळण्यासाठी झेडपीकडे प्रस्ताव पाठवायचा. याला वेळ लागतो, पण हे टाळून पुढे गेलात तर प्रत्येक योजनेत तुमचं नाव मागे पडत राहणार. आणि शेतात जाणारा पाणंद रस्ता असेल तर तो विषयच वेगळा, त्याला मातोश्री ग्रामसमृद्धी शेत पाणंद रस्ते योजना आहे, २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये निघालेली, रोजगार हमीशी जोडलेली. पाणंद कुणी अडवली असेल तर तहसीलदारांकडे मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली अर्ज करायचा, आणि रस्ताच नाही नवीन पाहिजे बांधावरून, तर जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १४३ खाली.

आता पात्रतेचं. एकट्या माणसाला यात "अर्जदार" होता येत नाही हे आधी स्पष्ट सांगतो, कारण लोक विचारतात फॉर्म कुठे मिळतो म्हणून. ऑनलाईन फॉर्म भरला आणि रस्ता आला असं काही नाही. प्रस्ताव जातो ग्रामपंचायतीचा, नाहीतर झेडपी किंवा पीडब्ल्यूडी स्वतः तयार करते. तुम्ही गावकरी म्हणून ग्रामसभेत विषय मांडायचा, निवेदन द्यायचं, पाठपुरावा करायचा. कुठलीही फी नाही, आणि कुणी एजंट म्हणत असेल की मंत्रालयातून निधी आणून देतो एवढे टक्के द्या तर एक रुपयासुद्धा देऊ नका.

पैसा कुठून येतो ते समजून घेतलं की कुणाकडे बोलायचं ते आपोआप कळतं. झेडपीत गेलात तर सारखं तीस चोपन्न, पन्नास चोपन्न ऐकू येईल, ही लेखाशीर्ष म्हणजे सरकारी हिशेबातल्या खर्चाच्या खात्यांचे नंबर आहेत, ३०५४ आणि ५०५४. ढोबळ मानाने ३०५४ म्हणजे दुरुस्ती-देखभालीचा महसुली खर्च आणि ५०५४ म्हणजे नवीन बांधकाम-सुधारणेचा भांडवली खर्च, पण जिल्हा वार्षिक योजनेत साधारणपणे ग्रामीण मार्गाला ३०५४ मधून आणि इतर जिल्हा मार्गाला ५०५४ मधून पैसे ठेवतात. हे पैसे वाटते जिल्हा नियोजन समिती, तिचे अध्यक्ष पालकमंत्री आणि सदस्य सचिव जिल्हाधिकारी. तिसरं एक पंचवीस पंधरा, म्हणजे २५१५, ते ग्रामविकास विभागाचं, लोकप्रतिनिधींनी सुचवलेली गावातली मूलभूत सुविधांची कामं त्यातून होतात, आमदारांचं पत्र लागतं. आमदार स्थानिक विकास निधी वेगळा, तो वर्षाला ५ कोटी, पण अख्ख्या मतदारसंघाला, म्हणून त्यातून छोटा तुकडा, मोरी, काँक्रीट गल्ली असंच मागावं, दहा किलोमीटरचा रस्ता मागून उपयोग नाही. आमदार शिफारस जिल्हाधिकाऱ्यांच्या नियोजन शाखेकडे देतात आणि मंजुरी तिथून निघते.

मोठ्या लांबीसाठी मुख्यमंत्री ग्राम सडक योजना, २०१५ पासूनची, आणि केंद्राची प्रधानमंत्री ग्राम सडक योजना जी २५ डिसेंबर २००० ला सुरू झाली. प्रधानमंत्री योजनेत मूळ निकष लोकसंख्येचा होता, सपाट भागात ५०० आणि डोंगरी-आदिवासी भागात २५० च्या वरची न जोडलेली वस्ती. तुमची वस्ती त्यात बसली नसेल किंवा रस्त्याचा दर्जा वाढवायचा असेल तर मुख्यमंत्री योजनेकडे बघा. पीडब्ल्यूडीच्या रस्त्यावरचा पूल असेल तर तो राज्याच्या अर्थसंकल्पात किंवा पुरवणी मागणीत यावा लागतो, नाहीतर नाबार्डच्या ग्रामीण पायाभूत विकास निधीतून, जो राज्यांना कर्जरूपाने मिळतो आणि १९९५-९६ पासून चालू आहे.

वस्तीनुसार वेगळे पैसे आहेत ते बऱ्याच जणांना माहीतच नसतात आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण ज्यांच्यासाठी ठेवलेत त्यांच्याच वस्तीत चिखल असतो. अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्तीसाठी दलित वस्ती सुधार योजना (झेडपीचा समाजकल्याण विभाग, पण वस्ती पाच वर्षांच्या बृहत आराखड्यात असायला लागते ते तपासा), आदिवासी पाड्यांसाठी ठक्कर बाप्पा योजना (आदिवासी विकासाचं प्रकल्प कार्यालय), आदिवासी पाडे मुख्य रस्त्याला जोडायला भगवान बिरसा मुंडा जोडरस्ते योजना, विमुक्त-भटक्या समाजासाठी तांडा वस्ती सुधार योजना, डोंगरी तालुक्यांना डोंगरी विकास कार्यक्रम. कोकणातल्या मंडळींना साकवासाठी (ओढ्यावरच्या छोट्या पायी पुलासाठी) जिल्हा नियोजनमधून मागता येतं, शाळेतली पोरं वहाळ ओलांडून जातात अशी एक ओळ ठरावात असली तर तिचा उपयोग होतो, पण ती खरी पाहिजे आणि सोबत फोटो पाहिजे.

कागदपत्रांचं सांगतो. ग्रामसभेचा ठराव सगळ्यात महत्त्वाचा, आणि तो गणपूर्ती असलेल्या सभेचा पाहिजे, म्हणजे मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यातलं जे कमी असेल तेवढी माणसं हजर. ठरावात रस्त्याचा क्रमांक, साखळी क्रमांक म्हणजे किलोमीटर कुठून कुठे, काय काम पाहिजे (खडीकरण, डांबरीकरण, काँक्रीट, मोरी, संरक्षक भिंत) हे स्पष्ट लिहा. सूचक-अनुमोदकाची नावं, सरपंच आणि ग्रामसेवक म्हणजे आताचे ग्रामपंचायत अधिकारी यांच्या सह्या-शिक्के. मग दर्जा-लांबीचा दाखला उपअभियंत्यांचा, गावनकाशावर रस्ता रंगवून दाखवलेला, लोकसंख्येचा दाखला, जागा उपलब्ध असल्याचा दाखला, हे काम दुसऱ्या कुठल्याही योजनेत घेतलेलं नाही असा दाखला (हा नसेल तर फाईल हमखास अडकते कारण दुबार काम निघालं की ऑडिटला अंगावर येतं), पुढच्या देखभालीचं ग्रामपंचायतीचं हमीपत्र आणि मोबाईलवर लोकेशनसकट काढलेले फोटो. योजनेप्रमाणे एखादा कागद कमी-जास्त होईल. सगळ्याचे तीन सेट करा, आणि देताना आवक नंबर टाकून पोच घ्याच घ्या.

जागेचा प्रश्न लोक हलक्यात घेतात. रुंदीकरणात कुणाच्या बांधाची जमीन जात असेल तर काम सुरू झाल्यावर भांडण होऊन जेसीबी परत जातो, निधी परत जातो. आधीच बसा, संमतीपत्र लेखी घ्या, शक्य असेल तर बक्षीसपत्र करा. वनजमीन मध्ये येत असेल तर वन संरक्षण कायद्याची परवानगी लागते आणि तिथे वर्षं जातात, पण आदिवासी आणि इतर पारंपरिक वनवासी गावांसाठी वनहक्क कायदा २००६ च्या कलम ३(२) मध्ये सोय आहे, रस्त्यासारख्या कामाला एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन लागत असेल आणि हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तुटत नसतील तर ग्रामसभेच्या शिफारशीवर उपवनसंरक्षकांच्या पातळीवर काम होऊ शकतं. गडचिरोली, नंदुरबार, पालघरकडच्या गावांनी हे कलम नंबरासकट ठरावात लिहावं.

पुलाचं जरा वेगळं आहे. ६ मीटरपर्यंत असेल तर ती मोरी, नळ टाकून किंवा स्लॅबची, ती रस्त्याच्या कामातच धरता येते. त्याच्या वर ६० मीटरपर्यंत लहान पूल आणि पुढे मोठा. पुलाला अंदाजपत्रकाआधी सर्वेक्षण लागतं, ओढ्याचं पाणलोट क्षेत्र किती, खडक किती खोलीवर यासाठी बोअर, आणि सर्वोच्च पूर पातळी. ही पूर पातळी ठरवताना इंजिनिअर गावातल्या जुन्या माणसांना विचारतात, तेव्हा गावातल्या म्हाताऱ्या माणसाला सोबत न्या आणि कुठल्या साली पाणी कुठल्या झाडाला, कुठल्या देवळाच्या पायरीला लागलं होतं ते दाखवा, फोटो असतील तर द्या. पातळी कमी धरली गेली तर पुन्हा तोच बुडणारा फरशी पूल पदरात पडतो आणि चार महिने गावाचा संपर्क तुटतो तो तुटतोच. मोठ्या पुलाचं डिझाईन पीडब्ल्यूडीच्या संकल्पचित्र मंडळाकडे जातं, त्यात वेळ धरा.

जुना पूल धोकादायक असेल तर नव्या पुलाची मागणी करताना त्याच पत्रात जुन्याचं स्ट्रक्चरल ऑडिट आणि तोपर्यंत जड वाहनं बंद करा अशी स्वतंत्र मागणी लिहा. २ ऑगस्ट २०१६ ला महाडला सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल रात्री पुरात गेला, एसटी बस वाहून गेल्या. १५ जून २०२५ ला मावळात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांच्या गर्दीने कोसळला. नवा पूल मंजूर होईपर्यंत जुन्यावर माणसं जात राहतात म्हणून ही दुसरी मागणी पहिलीइतकीच महत्त्वाची आहे.

कागद दिल्यावर काय होतं तर शाखा अभियंता येऊन पाहणी करतो, दरसूचीप्रमाणे अंदाजपत्रक बनतं, मग प्रशासकीय मान्यता म्हणजे एवढ्या रकमेचं हे काम करायचं असा निर्णय, मग तांत्रिक मान्यता म्हणजे अंदाजपत्रक बरोबर आहे यावर इंजिनिअरची सही, मग निविदा, मग कार्यारंभ आदेश. प्रशासकीय मान्यता मिळाली की गावात फटाके वाजतात आणि बॅनर लागतात पण तेव्हा अजून पैसे आलेले नसतात. अर्थसंकल्पात कामाला नाममात्र तरतूद असू शकते, आणि जिल्हा नियोजनात आधी जुन्या कामांचं दायित्व भागवलं जातं. म्हणून झेडपीत विचारताना "मंजूर झालं का" विचारू नका, "बीडीएसवर (सरकारच्या निधी वाटपाच्या ऑनलाईन प्रणालीवर) निधी किती आला" असं विचारा.

वेळेचं गणित बघा. पुढच्या वर्षाचा जिल्ह्याचा आराखडा साधारण नोव्हेंबर ते जानेवारीत ठरतो आणि राज्याचं बजेट मार्चमध्ये, तर तुमचा ठराव १५ ऑगस्टच्या, फार तर २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत व्हायला पाहिजे. २६ जानेवारीला ठराव केला तर बहुतेक एक वर्ष गेलं. पुरवणी मागण्या पावसाळी आणि नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात असतात, त्याच्या महिना-दोन महिने आधी अंदाजपत्रक तयार पाहिजे. पीडब्ल्यूडीचे पैसे ३१ मार्चला संपतात, झेडपीला दिलेले जिल्हा नियोजनाचे पैसे मात्र पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत खर्च करता येतात, हे लक्षात ठेवा, "निधी परत गेला" असं कुणी सांगितलं तर कुठल्या वर्षाचा ते विचारा.

फाईल कुठे थांबली ते तोंडी कळत नसेल तर माहिती अधिकारात अर्ज टाका, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मागताना मोघम मागू नका, ठरावाची आवक तारीख द्या आणि फाईलवरची टिपणी, अंदाजपत्रक आणि प्रशासकीय मान्यतेची प्रत मागा. काम सुरू झालं की कार्यारंभ आदेशाची प्रत ग्रामपंचायतीत ठेवून घ्या, त्यात ठेकेदाराचं नाव, मुदत आणि दोष दायित्व कालावधी असतो. त्या कालावधीत रस्ता उखडला तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने करायची असते, ग्राम सडक योजनेच्या रस्त्यांना ही मुदत पाच वर्षांची आहे, आणि रस्त्याच्या कडेच्या फलकावर तारखा लिहिलेल्या असतात. फलकाचा फोटो पहिल्याच दिवशी काढून ठेवा, आणि खड्डा पडला की तारखेसकट लेखी तक्रार उपअभियंत्याकडे द्या. ठेकेदाराची सुरक्षा ठेव त्यांच्याकडे अडकलेली असते तोपर्यंतच ही तक्रार पटकन मनावर घेतली जाते.